पोलादाच्या पोटांतील चीर

बाजारांत मडकें घ्यावयास गेलेली गृहिणी तें प्रथम बोटाच्या पेरानें वाजवून पाहते. खणखणीत नाद उमटला तर मडकें पक्कें. आवाज बद्द आला तर कोठें तरी चीर आहे असें समजून ती तें मुकाट्यानें परत ठेवते. चीर तिला दिसलेली नसते, ऐकूं आलेली असते. आगगाडी मोठ्या स्टेशनांत थांबली म्हणजे लांब दांड्याचा हातोडा घेऊन चाकामागून चाकावर ठोके मारीत जाणारा रेल्वेचा नोकर जुन्या प्रवाशांच्या चांगला परिचयाचा होता. त्याचेंही शास्त्र तेंच. धड चाक घंटेसारखें वाजतें, तडकलेलें चाक वाजत नाहीं.

ह्या शास्त्रांत खोटें कांहीं नाहीं; पण तें अपुरें आहे. सबंध चाक हादरविणारा ठोका सबंध चाकाविषयींच काय तें सांगतो. तडा बराच मोठा असल्याशिवाय नाद बिघडत नाहीं; आणि बिघडला तरी तडा कोठें आहे, किती खोल आहे, आजच धोक्याचा आहे कीं सहा महिन्यांनीं होईल, ह्यांपैकीं एकाही प्रश्नाचें उत्तर त्या नादांत नसतें. गृहिणीला त्याची गरजही नसते. ती दुसरें मडकें उचलते. हजारों मैलांचे रूळ, आगगाडीचे आंस, वाफेचीं जाड पिंपें हीं अशीं परत ठेवतां येत नाहींत. तेथें चीर आहे एवढेंच कळून भागत नाहीं, तिचें माप हवें असतें. आणि खरी अडचण ह्या मापाचीच आहे.

पोलाद एका फटक्यानें क्वचितच तुटतें. तार पुनः पुनः इकडे तिकडे वांकविली कीं ती तुटते, हा प्रयोग प्रत्येक मुलानें केव्हां ना केव्हां केलेला असतो. रुळावरून एक चाक गेलें कीं रूळ केसभर वांकतो व पुनः सरळ होतो. चाकाच्या आंसाचें तर प्रत्येक फेऱ्याला असें होतें. त्याचा जो भाग वर असतांना ताणला जातो तोच खालीं आल्यावर दाबला जातो, आणि दिवसभराच्या प्रवासांत हें लाखों वेळां घडतें. एकदां दिला असतां धातूला सहज पेलणारा भार पुरेशा वेळां दिला तर त्याच धातूला तोडतो, हें प्रशियांतील रेल्वेचे इंजिनियर ऑगस्ट व्होलर ह्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर आंसांवर वर्षानुवर्षें प्रयोग करून सिद्ध केलें. पुढें १९२१ सालीं ग्रिफिथ ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें कांचेवरील प्रयोगांतून चिरेचा हिशेब मांडला. चीर चौपट लांब झाली कीं ती वस्तु निम्म्या ताणानेंच तुटते. ह्या हिशेबाला पोलादाच्या बाबतींत पुष्कळ दुरुस्त्या कराव्या लागल्या. परंतु त्याचें मर्म कायम राहिलें. त्यांत आणखी एक भर अशी कीं, चीर जसजशी वाढते तसतसा तिच्या वाढीचा वेगही वाढतो. तिच्या आयुष्याचा बहुतेक काळ ती इवलीशी असतांनाच जातो, आणि शेवटचा प्रवास ती झपाट्यानें करते.

आणि ही चीर बाहेरून दिसेलच असा नेम नाहीं. २५ ऑगस्ट १९११ रोजीं अमेरिकेंत न्यूयॉर्क राज्यांतील मँचेस्टर गांवीं एका गाडीखालीं रूळ तुटून डबे पुलावरून कोसळले व २९ माणसें मृत्यु पावलीं. तुटलेल्या रुळाच्या माथ्याच्या आंतच आडवी चीर वाढलेली होती. ती वर पोंचेपर्यंत कितीही डोळस माणसानें रुळावरून चालत जाऊन पाहिलें असतें तरी त्याला ती दिसली नसती.

तेव्हां मडक्याच्या परीक्षेकडेच परत वळावें लागलें. मात्र ठोका बदलला. मनुष्याच्या कानाला सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनि ऐकूं येतो. धातु तपासण्यासाठीं जो ध्वनि वापरतात त्याचीं कंपनें नेहमींच्या कामांत सेकंदाला २० ते ५० लाख असतात. त्याला श्रवणातीत ध्वनि म्हणतात. इतक्या चढ्या कंपनांची गरज कां पडावी? समुद्राची मोठी लाट किनाऱ्याजवळ रोवलेल्या खुंट्याची दखल न घेतां त्याच्यावरून निघून जाते. पण पाण्यावरची बारीक लहर त्याच खुंट्यावर आपटून मागें फिरते. ध्वनीचेंही तसेंच आहे. हवेंत सेकंदास सुमारें ३४० मीटर जाणारा ध्वनि पोलादांत सुमारें ५,९०० मीटर जातो. म्हणून माणसाच्या बोलण्यांतील सेकंदास ५०० कंपनांचा ध्वनि पोलादांत शिरला तर त्याची एक लहर जवळजवळ १२ मीटर लांब होईल, आणि दोन मिलिमीटरांची चीर तिच्या खिजगणतींतही असणार नाहीं. ५० लाख कंपनांच्या ध्वनीची लहर पोलादांत सव्वा मिलिमीटराहूनही किंचित् आंखूड असते. तिला ती चीर आडवी येते.

असा ध्वनि उत्पन्न करावयाचा कसा? जॅक्स व प्येर क्यूरी ह्या फ्रेंच बंधूंनीं १८८० मध्यें असें दाखविलें कीं, क्वार्ट्झसारखे कांहीं स्फटिक दाबले असतां त्यांच्या पृष्ठांवर विद्युत् प्रकट होते. विद्युत् दिली असतां तेच स्फटिक आकुंचन-प्रसरण पावले पाहिजेत असें लिपमन ह्यांनीं पुढच्याच वर्षीं गणितानें सांगितलें, आणि तें खरें ठरलें. अशा रीतीनें एकच खडा तोंड आणि कान ह्या दोघांचें काम करूं लागला. पहिल्या महायुद्धांत लान्जव्हँ ह्यांनीं त्याचा उपयोग पाणबुड्यांचा माग काढण्यासाठीं केला. धातूंतील दोष ह्या ध्वनीनें शोधावे ही सूचना लेनिनग्राड येथील सोकोलोव्ह ह्यांनीं १९२८ मध्यें केली. त्यांची रीत अशी कीं, एका बाजूनें ध्वनि सोडावा व दुसऱ्या बाजूस तो कितपत पोंचतो हें पाहावें. मध्यें दोष असेल तर तेथें ध्वनीची सांवली पडेल. पण सांवलीवरून दोष किती खोल आहे हें कळत नाहीं, आणि पुष्कळ वस्तूंची दुसरी बाजू हातीं लागतच नाहीं. ही अडचण अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाचे फ्लॉइड फायरस्टोन ह्यांनीं दूर केली. त्यांनीं अखंड ध्वनीऐवजीं अत्यंत अल्पकाळ टिकणारा एक ठोका सोडला आणि त्याच बाजूस थांबून प्रतिध्वनीची वाट पाहिली. १९४० मध्यें त्यांनीं ह्या यंत्राच्या पेटंटसाठीं अर्ज केला व १९४२ मध्यें तें त्यांना मिळालें. इंग्लंडमध्यें स्प्रौल हेही त्याच सुमारास स्वतंत्रपणें ह्याच मार्गानें चालले होते.

यंत्राचें काम समजावयास अवघड नाहीं. आंगठ्याएवढ्या डबींत स्फटिक बसविलेला असतो. आतां त्याच्या जागीं कृत्रिम मातीचा भाजलेला तुकडा वापरतात. ह्या डबीला प्रोब म्हणतात. पोलादावर थोडें तेल लावून प्रोब टेंकवितात. समजा, पोलाद १० सेंटिमीटर जाड आहे. ठोका तळापर्यंत जाऊन परत येण्यास सेकंदाच्या दशलक्षांशांपैकीं सुमारें ३४ अंश लागतात. तेवढ्या अंतरावर पडद्यावर एक उंचवटा दिसतो. तो तळाचा प्रतिध्वनि. त्याच्या अलीकडे, सुमारें साडेतेरा अंशांवर, दुसरा उंचवटा दिसला तर ४ सेंटिमीटर खोलीवर कांहीं तरी आहे असें समजावें. डोंगरासमोर हांक मारून प्रतिध्वनि किती वेळानें आला ह्यावरून डोंगराचें अंतर ठरवावें, तसाच हा प्रकार.

तेल कां लावावयाचें, हेंही सांगण्यासारखें आहे. पोलाद आणि हवा ह्यांच्या सीमेवर हा ध्वनि जवळजवळ सगळाच्या सगळा परत फिरतो. चीर कितीही अरुंद असली तरी तिच्यांत हवेचा पापुद्रा असला कीं ती आरशासारखी ध्वनि परतविते. आणि त्याच कारणानें प्रोब व पोलाद ह्यांच्यामध्यें हवेचा पापुद्रा राहिला तर ध्वनि आंत शिरतच नाहीं. सोनोग्राफी करतांना पोटावर थंडगार लेप लावतात तो ह्याचसाठीं. हें साम्य केवळ योगायोगाचें नव्हे. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनल्ड हे १९५५ मध्यें शस्त्रक्रियेनें काढलेल्या गांठी घेऊन जवळच्या एका बॉयलरच्या कारखान्यांत गेले व धातूंतील दोष शोधण्याच्या तेथील यंत्राखालीं त्यांनीं त्या ठेवून पाहिल्या. गर्भाचें चित्र दाखविणारी विद्या पोलादाच्या कारखान्यांतून दवाखान्यांत आली, ही गोष्ट फारच थोड्या मातांना माहीत असेल.

आतां अडचणींकडे वळूं. पत्त्याचें पान समोरून धरलें तर डोळ्यांत भरतें, कडेनें धरलें तर दिसेनासें होतें. वरून खालीं जाणाऱ्या ध्वनीला उभी चीर अशी कडेनें भेटते आणि प्रतिध्वनि जवळजवळ देतच नाहीं. म्हणून प्रोबखालीं प्लॅस्टिकची पाचर बसवून ध्वनि तिरपा सोडावा लागतो. रुळाच्या माथ्यांतील आडव्या चिरेसाठीं तो उभ्या रेषेशीं ७० अंशांनीं कललेला असतो, एक पुढच्या बाजूस व एक मागच्या बाजूस, कारण चीर कोणत्या बाजूस कललेली असेल ह्याचा भरंवसा नसतो. आपल्याकडे रुळांवरून हातानें ढकलीत नेण्याची जी लहानशी ट्रॉली दिसते तिच्या पोटाखालीं असे सरळ व तिरपे प्रोब ओळीनें बसविलेले असतात. तेलाचें काम तेथें पाणी करतें. ट्रॉलीवरील टाकींतून तें थेंबथेंब रुळावर गळत असतें.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. पडद्यावरचा उंचवटा मोठा म्हणजे चीर मोठी, असें कोणालाही प्रथम वाटेल, आणि बरींच वर्षें कारखान्यांतून ह्याच समजुतीवर काम चाललें. एका नमुन्याच्या ठोकळ्यांत ठराविक मापाचें भोंक पाडावयाचें, त्याचा उंचवटा पाहून ठेवावयाचा, आणि तपासणींत त्याहून मोठा उंचवटा दिसला तर माल नापास करावयाचा. नमुन्याशीं तुलना करण्याची ही रीत टाकाऊ नाहीं. आजही ती चालूच आहे. परंतु तिनें चीर मोजली जात नाहीं, चिरेचा आरसेपणा मोजला जातो. लहानशी, गुळगुळीत, बरोबर समोर तोंड करून बसलेली चीर मोठा उंचवटा देते. आणि तिच्या पांचपट मोठी पण खडबडीत व बाजूला कललेली चीर आपला प्रतिध्वनि भलतीकडेच फेंकते. मोठ्यानें ओरडणारा चोर असेलच असें नाहीं, आणि गप्प बसलेला साव असेलच असेंही नाहीं. दुसरी एक रीत अशी कीं, प्रोब हळूहळू सरकवीत नेऊन उंचवटा जेथें निम्मा होतो ती चिरेची कड धरावयाची. ध्वनीच्या झोतापेक्षां मोठ्या दोषाला ती ठीक आहे. त्याहून लहान दोषाला ती लावली तर दोषाऐवजीं झोताचीच रुंदी हातीं येते.

ह्या उणीवेची जाणीव अणुवीजकेंद्रांनीं करून दिली. अणुभट्टीचें पिंप वीत वीत जाड पोलादाचें असतें आणि तें फुटून चालतच नाहीं. अशा पिंपांतील चिरा खात्रीनें सांपडतील काय, हा प्रश्न १९७० नंतरच्या दशकांत इंग्लंडमध्यें जोरानें विचारला गेला. सर ॲलन कॉट्रेल ह्या नामांकित धातुशास्त्रज्ञांनीं आपल्या शंका उघडपणें मांडल्या. त्याच दशकांत अनेक राष्ट्रांनीं मिळून एक परीक्षा घेतली. जाडजूड पोलादी ठोकळ्यांच्या सांध्यांत मुद्दाम दोष घालून ते निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांच्या तुकड्यांना तपासावयास दिले, आणि सर्वांचे निकाल हातीं आल्यावर ठोकळे कापून खरें काय आहे तें पाहिलें. त्या वेळच्या नियमांत सांगितलेली तपासणीची रीत प्रामाणिकपणें पाळूनही मोठमोठे दोष सुटले होते व पुष्कळांचीं मापें चुकलीं होतीं. तज्ज्ञांना हें गोड वाटलें नसेल. परंतु अशी आपली परीक्षा आपणच घेणें आणि निकाल प्रसिद्ध करणें ह्याला धैर्य लागतें, आणि पुढील सर्व सुधारणा ह्या परीक्षेंतूनच निघाल्या.

त्यांतील सर्वांत सुंदर सुधारणा इंग्लंडांतील हारवेल येथील मॉरिस सिल्क ह्यांची. त्यांनीं उंचवट्याच्या उंचीकडे पाहण्याचेंच सोडून दिलें व फक्त वेळ मोजला. पाण्यांतील लाट धक्क्याच्या टोंकाशीं आली कीं त्या टोंकापासून मंद वर्तुळाकार लहरी सर्व बाजूंस पसरतात. चिरेच्या दोन्ही टोंकांपासून ध्वनीच्या अशाच मंद लहरी निघतात, आणि चीर कशीही कललेली असली तरी त्या निघतातच. सिल्क ह्यांनीं सांध्याच्या दोन बाजूंस दोन प्रोब ठेवले. एक बोलणारा, एक ऐकणारा. समजा, त्यांच्यांत १० सेंटिमीटर अंतर आहे, आणि बरोबर मध्यावर ३ सेंटिमीटर खोलीवर सुरू होऊन ४ सेंटिमीटर खोलीवर संपणारी उभी चीर आहे. पृष्ठभागाखालून सरळ येणारी लहर सेकंदाच्या दशलक्षांशांपैकीं सुमारें १७ अंशांत पोंचेल, चिरेच्या वरच्या टोंकाकडून येणारी १९.८ अंशांत, खालच्या टोंकाकडून येणारी २१.७ अंशांत. मधल्या सुमारें दोन अंशांच्या फरकांत चिरेची एक सेंटिमीटर उंची सामावलेली आहे. त्रिकोणाचें गणित शाळेंतल्या मुलाला करतां येईल असें. पण तें करावयाला त्या मंद लहरी ओळखणारे कान तयार व्हावे लागले. चांगल्या सांध्यांत ह्या रीतीनें चिरेची उंची मिलिमीटरभराच्या फरकानें सांगतां येते.

सर्व धातूंना मात्र ही विद्या सारखी लागू पडत नाहीं. बिडाचे व कांहीं गंजरोधक पोलादांचे कण इतके भरड असतात कीं प्रत्येक कणच थोडाथोडा प्रतिध्वनि देतो आणि पडद्यावर गवत माजल्यासारखें होऊन खरा दोष त्यांत लपतो. आणि धातु चांगला असला तरी ऐकणारा माणूस राहतोच. तपासणींत दोन तऱ्हांच्या चुका होतात. चीर असून ती नाहीं म्हणणें ही एक, आणि नसलेली चीर आहे म्हणणें ही दुसरी. पहिली भयंकर दिसते, दुसरी निरुपद्रवी वाटते. पण यंत्र वारंवार खोटी हांक मारूं लागलें कीं माणसें त्याचें ऐकेनाशीं होतात, आणि दुसऱ्या चुकीच्या पोटांतून पहिली जन्मास येते.

जर्मनींत एशेडे गांवाजवळ ३ जून १९९८ रोजीं हेंच घडलें. म्युनिकहून हँबर्गला ताशीं सुमारें २०० किलोमीटर वेगानें जाणाऱ्या गाडीच्या एका चाकाची पोलादी धांव तुटली. हें चाक अखंड नव्हतें. आंतील चकती व बाहेरील धांव ह्यांच्यामध्यें प्रवाशांना धक्के बसूं नयेत म्हणून रबराचा थर घातलेला होता. त्यामुळें धांव प्रत्येक फेऱ्याला किंचित् चेपली जाई, आणि थकव्याची चीर सुरू झाली ती धांवेच्या आंतील अंगाला, जेथें कोणाची दृष्टि पोंचत नाहीं. दोष शोधण्याचीं यंत्रें देखभालीच्या आगारांत होतीं. परंतु तीं फार वेळां खोटी सूचना देतात म्हणून त्यांवरचा विश्वास उडाला होता आणि नित्याची तपासणी दिव्याच्या उजेडांत डोळ्यांनीं होत असे. १०१ माणसें मृत्यु पावलीं. त्या गाडीचें नांव 'व्हिल्हेल्म कोनराड रोंटगेन' असें होतें. बाहेरून न दिसणारें आंतलें दाखविणारे क्षकिरण ज्यांनीं शोधून काढले त्यांचें तें नांव. त्यानंतर त्या जातीचीं चाकें काढून त्या जागीं अखंड पोलादाचीं बसविण्यांत आलीं.

मुंबईकराला ह्या सर्वांचा परिचय हिवाळ्यांतील एखाद्या सकाळीं होतो. रुळाला तडा गेल्यामुळें लोकल उशिरानें धांवत आहेत, ही सूचना त्या दिवसांत अधिक वेळां कानीं पडते. थंडीनें रूळ आखडूं पाहतो, पण दोन्ही टोंकांस जखडलेला असल्यामुळें त्याला आखडतां येत नाहीं; तो ताणला जातो, आणि आंतील जुनी चीर, विशेषतः वेल्डिंगच्या सांध्यांतील, त्या ताणानें उघडते. म्हणूनच ट्रॉलीवाल्यांची तपासणी ठराविक मुदतीनें होत राहावी लागते. आणि ती मुदत ठरते ती चिरेच्या मापावरून व वाढीच्या वेगावरून. दोन तपासण्यांच्या मधल्या काळांत चुकलेली चीर तुटण्याइतकी वाढतां कामा नये. सांपडलेल्या दोषाच्या रेल्वेनें दोन प्रती केल्या आहेत. 'ओ. बी. एस्.' म्हणजे नजरेखालीं ठेवावयाचा, आणि 'आय्. एम्. आर्.' म्हणजे तांतडीनें काढावयाचा. दुसऱ्या प्रकारचा दोष सांपडला कीं रुळावर तांबड्या रंगानें फुल्या मारतात, गाड्यांचा वेग ताशीं ३० किलोमीटरांवर आणतात, आणि तीन दिवसांच्या आंत तेवढा तुकडा कापून नवा बसवितात. मध्यंतरीं त्या जागेवरून सावकाश जाणाऱ्या गाडींतील मंडळी घड्याळाकडे पाहून रेल्वेच्या कारभाराला नांवें ठेवीत असतात.

कापून काढलेला तुकडा कधींकधीं प्रयोगशाळेंत नेतात व चिरेच्या ठिकाणीं मुद्दाम मोडून पाहतात. मोडलेल्या तोंडावर दोन रंग स्पष्ट दिसतात. जुन्या चिरेचा भाग गुळगुळीत, आणि हवा लागली असेल तर गंजून काळवंडलेला असतो. त्याच्या भोंवतीं आत्तांच तुटलेल्या पोलादाचा भाग खडीसाखरेसारखा चमकत असतो. त्या काळ्या डागावर मोजपट्टी ठेवतात, आणि ट्रॉलीवाल्यानें वहींत लिहिलेल्या आंकड्याशीं तो आंकडा ताडून पाहतात.